पाहुणे झोपलेत

चौसाळ्यात कुणी प्लॅस्टिकची खुर्ची उचलली की तो पळायचा. पळायचा म्हणजे खरोखर पळायचा. दाराच्या चौकटीला कपाळ लागेल एवढा उंच, पन्नाशीचा, पिवळ्या मिशांचा माणूस, अंगात पवनचक्कीच्या कंपनीचं चकाकत्या पट्ट्यांचं जाकीट, आणि मागून एखादा शेतकरी लाल खुर्ची डोक्यावर धरून ओरडतोय, "साहेब, आवो साहेब, बसा तर!" हे दृश्य मी हायवेच्या कडेला माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. ट्रकवाले ब्रेक लावून बघायचे.

त्याचं काही चुकत होतं असं नाही. परदेशी माणूस घरात आला की आपल्याकडं काय होतं, ते तुम्हालाही माहीत आहे. "खुर्ची आणा रे" अशी हाक जाते. घरात खुर्च्या असतात दोन. त्यातल्या एकीचा पाय गेलेला असतो, आणि धडधाकट खुर्चीवर घरातला सगळ्यात म्हातारा माणूस बसलेला असतो. त्याला उठवलं जातं. खांद्यावरच्या टॉवेलनं खुर्ची झटकली जाते. मग पाहुणा वर, आणि म्हातारा, त्याचे मुलगे, सुना, शेजारीपाजारी सगळे खाली, पाहुण्याच्या बुटांकडं बघत. पहिल्यांदा असं झालं तेव्हा तो बसला. दुसऱ्यांदा बसला नाही. तिसऱ्यांदा पळाला.

आपण ओशाळलो तर आपली कातडी आपल्याला सांभाळून घेते. त्याची कातडी फितूर होती. आधी कान लाल व्हायचे, मग मान, मग मिशांच्या मागचं सगळं. अख्ख्या गावाला लांबून कळायचं, की साहेबांचा पुन्हा कुणीतरी मान ठेवलेला दिसतोय.

तो डेन्मार्कचा. डेन्मार्क नेमकं कुठं आहे हे गावात फक्त मला माहीत होतं, आणि मलाही ते तो येण्याच्या आदल्या आठवड्यात मोबाईलवर बघितल्यामुळंच कळलं होतं. आमच्या बाजूच्या डोंगरांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, त्यांचं दुखलंखुपलं बघायला कंपनीनं त्याला धाडलेला. कंपनीचे बाकीचे लोक बीडला हॉटेलात राहायचे. यानं चौसाळ्यातच राहणार म्हणून हट्ट धरला. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवतो, शिवाय गावात लग्नापासून निरोपसमारंभापर्यंत काहीही असलं की माइक माझ्याच हातात असतो. त्यामुळं परदेशी माणूस येणार म्हटल्यावर तो माझ्या वाट्याचा, हे गावानं आणि मी एकमतानं ठरवून टाकलं होतं.

त्याला मी अण्णांकडं खोली मिळवून दिली. तिथंच सगळं रामायण सुरू झालं.

अण्णांचं घर हायवेला लागून. खाली पुढं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान, मागं राहतं घर आणि अंगण, वर बाहेरच्या जिन्यानं जायचं अशा दोन खोल्या. घरात अण्णा, काकू आणि अण्णांचा धाकटा भाऊ तात्या. अण्णा म्हणजे साठीचा, गोल पोटाचा, सतत हाताला ग्रीस लागलेला माणूस. त्यांना जगात दोनच गोष्टींचा राग होता. एक म्हणजे नकली बेअरिंग, आणि दुसरी म्हणजे आपल्या घरी आलेल्या माणसाला कमी पडणं.

पहिल्याच दिवशी साहेबानं माझ्यामार्फत त्यांना समजावून सांगितलं, की मी पाहुणा नाही, भाडेकरू आहे. मला जेवण नको, माझं मी करीन. मला कुणी साहेब म्हणू नये.

अण्णांनी सगळं मन लावून ऐकलं. मग मला म्हणाले, "सर, सायबायला सांगा, भाडं देतंय म्हणून माणूस भाडेकरू व्हत न्हाई. एवढा समुद्र वलांडून आलेला माणूस पाव्हणाच. आन् जेवणाचं इचारू नका, डबा वर येईल."

डबा वर आला. तो त्या दिवसापासून येतच राहिला.

आता यावर त्यानं काय करावं? डबा घासून परत द्यायला लागला. काकू तो घासलेला डबा त्याच्यासमोरच पुन्हा घासायच्या. त्याचे कान लाल. मग मी त्याला आपली रीत सांगितली, की शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नसतं, त्यात काहीतरी घालून द्यावं, मूठभर साखर का होईना. त्याला ही रीत इतकी आवडली, की त्यानं ती लगेच अमलात आणली. त्याच्याकडं साखर नव्हती. त्याच्या देशातून आलेल्या काळ्या गोळ्या होत्या. ज्येष्ठमधाच्या, पण मीठ घातलेल्या. त्याच्या देशात म्हणे लोक त्या आवडीनं खातात. मी एक चाखली होती आणि दुकानामागं जाऊन थुंकली होती.

काकूंनी मात्र गोळी तोंडात धरली, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "औषध हाय. लई जालीम हाय." त्या दिवसापासून आळीतला प्रत्येक खोकला काकूंच्या डब्यावर बरा होऊ लागला. बायका लांबून यायच्या. "त्या वरच्या डाक्टरची गोळी द्या की," म्हणायच्या. तो जिन्यावरून ऐकायचा आणि आत जाऊन दार लावून घ्यायचा. मी डॉक्टर नाही, हे त्यानं प्रत्येकीला सांगून पाहिलं. एक म्हातारी मला म्हणाली, "गुण हाय मानसात. मोठेपना न्हाई बगा."

मराठी तो अण्णांकडूनच शिकला. दुकानाच्या पायरीवर बसून, बेअरिंगं पुसत. त्यामुळं त्याची मराठी अण्णांचीच. बीडच्या एका कचेरीत तो खिडकीपाशी वाकून म्हणाला, "सायेब, माझा कागद कावून अडला?" तेव्हा आतला कारकून पेन टाकून उभा राहिला, आणि पुढचा तासभर त्याला कागद सोडून सगळं मिळालं. चहा मिळाला, पंख्याखालची जागा मिळाली, सगळ्या कर्मचाऱ्यांबरोबर फोटो मिळाला. रांगेतली माणसं बाहेर तशीच उभी.

एसटीचं तर विचारूच नका. बीडहून येताना गाडी भरलेली. हा दारातल्या पायरीपाशी उभा. कंडक्टरनं आत नजर टाकली, आणि कुणी काही म्हणायच्या आत एक म्हातारी डोक्यावरचं गाठोडं सावरत उठली. "बसा बाबा. लांबून आलात." हा म्हणाला, "आजी, तुमी बसा." आजी म्हणाली, "मला मांजरसुंब्यालाच उतरायचंय." खोटं होतं ते. मांजरसुंबा आलं, आजी उतरली नाही. हा उतरला. तिथून हायवेच्या कडेनं पायी चौसाळ्याला आला, दिवस मावळताना पोचला. अण्णांनी एसटी महामंडळाला घातलेल्या शिव्या मी इथं लिहीत नाही.

फ्लेक्सचंही सांगून टाकतो. कुणातरी होतकरू पुढाऱ्याचा वाढदिवस होता. चौकात फ्लेक्स लागला. खाली शुभेच्छुकांच्या रांगेत, हात जोडलेले, काळा गॉगल घातलेले आमचे साहेब. हात दुसऱ्या कुणाचे तरी होते. त्यानं मला विचारलं, "सर, मी या माणसाला शुभेच्छा कधी दिल्या?" मी म्हटलं, "तुमच्या वतीनं गावानं दिल्या." तो फ्लेक्स उतरेपर्यंत तो डोंगरावर जायला चौक टाळून मागच्या पांदीच्या वाटेनं जायचा. रोज संध्याकाळी वाऱ्याचा वेग बघायचा. मला वाटायचं कामाचं असेल. एक दिवस म्हणाला, "अजून थोडा वारा पायजे, सर. खिळे कच्चे हायत."

मी हे सगळं हसत सांगतोय. तेव्हाही हसत सांगायचो, चौकात, शाळेत, लग्नात माइकवर. लोक पोट धरून हसायचे. पण त्याच्या जवळ बसलं की हसू टिकायचं नाही. त्याला मान नको होता असं नव्हतं. आपल्यामुळं कुणीतरी उठलं, कुणीतरी खाली बसलं, कुणीतरी थांबलं, हे त्याला सोसत नव्हतं. तो म्हणायचा, "मी आलो की घर बदलतं. मला न बदललेलं घर बघायचंय."

अण्णांना हे मी किती वेळा सांगितलं. अण्णा म्हणायचे, "सर, चांगलं मानूस हाय म्हणून तर करायचं ना. वंगाळ असता तर इचारलं असतं का?"

आणि मग त्याची झोप. पवनचक्क्यांची काही कामं रात्री असायची, म्हणून तो पुष्कळदा सकाळी परत येऊन दिवसभर झोपायचा. अण्णांनी ही झोप जणू अंगावर घेतली. दुकानापुढं कुणी ट्रॅक्टर चालू ठेवला की अण्णा बाहेर. "बंद कर. पाव्हणे झोपलेत." फुगेवाल्याची पिपाणी बंद. भंगारवाल्याचा भोंगा बंद. ऐन लग्नसराईत एका नवरदेवाची मिरवणूक, म्हणजे आमच्याकडचा परण्या, घोड्यावरून मारुतीला निघाला होता, पुढं डीजे, नाचणारी पोरं. अण्णा रस्त्यात आडवे झाले. वाद झाला. शेवटी डीजे बंद करून, नवरदेव घोड्यावर, वऱ्हाड चवड्यावर, असा अख्खा परण्या अण्णांच्या दारावरून आवाज न करता पुढं गेला. समोरच्या हॉटेलात बसलेल्या एका परगावच्या माणसानं टोपी काढून विचारलं, "कोण वारलं हो?"

हा किस्सा मी इतक्या ठिकाणी सांगितला, की फिरून फिरून तो साहेबापर्यंत पोचला. त्यानं चेहरा दोन्ही हातांनी झाकून घेतला. मग खाली जाऊन अण्णांना हात जोडले. "अण्णा, कुणाला गप करू नका. मी कानात बोळे घालतो."

अण्णा दुखावले. "आपल्या घरात ऱ्हाऊन मानसाला कानात बोळे घालायला लागले, तर घर कशाला म्हणायचं त्याला?"

तो विषय तिथंच संपला. निदान मला तसं वाटलं.

अण्णा गेले ते असेच एका सकाळी. दुकान उघडायच्या आधी अंगणात तोंड धुवायला बसले होते, बसल्या जागी कलंडले. मी दोन घरं सोडून राहतो. तात्या बोलवायला आला तेव्हा त्याच्या पायात चप्पल नव्हती. मी पोचलो तोवर डॉक्टर येऊन, मान हलवून, बाजूला उभे राहिले होते.

काकूंच्या तोंडून पहिला हंबरडा फुटला, तो अर्धाच. मी बघत होतो. आवाज निघाला, आणि मध्येच त्यांची नजर वर गेली, जिन्याकडं. त्यांनी पदराचा बोळा करून तोंडात कोंबला. दुसऱ्या हातानं वर बोट दाखवलं.

वर तो झोपला होता. रात्रभर डोंगरावर काम करून उजाडताना आला होता.

मग बायका यायला लागल्या. आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. मयताच्या घरी बाई येते ती आवाज करतच येते. कोपऱ्यापासून सुरुवात होते, दारात गळामिठी पडते, आणि गेलेल्या माणसाचं एकेक काढून रडणं होतं. त्या दिवशी प्रत्येक बाई कोपऱ्यावर तोंड उघडायची, आणि तात्या पुढं होऊन तिला थांबवायचा. आत काकू, नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन, येईल तिला सांगत होत्या,

"हळू रडा, बायांनो. पाव्हणे झोपलेत. रातभर जागलेत."

आणि बायका हळू रडल्या! एवढं अंगण भरलेलं, आणि आवाज फक्त नाक ओढण्याचा.

मी काकूंना म्हणालो, "काकू, मी वर जाऊन उठवतो त्यांना. त्यांना कळायला हवं."

काकूंनी माझ्याकडं बघितलं. "न्हाई सर. यांनी कदी एक दिस उठू दिलं का त्यायला? आन् आज यांच्याच पायी उठवायचं?"

भावकीतले एक म्हातारे म्हणाले, "त्यांच्यात नसतं सर आसलं काही. झोपू द्या."

तेवढ्यात तात्याच्या लक्षात आलं, की गावाच्या ग्रुपवर अण्णांचा फोटो आणि भावपूर्ण श्रद्धांजली सुरू झाली असणार, आणि साहेब त्या ग्रुपमध्ये आहे. त्याचा मोबाईल उशाशी वाजत राहील. तात्या ग्रुपचा अ‍ॅडमिन. सख्खा भाऊ समोर पडलेला, डोळ्यांतून धार लागलेली, आणि तात्या अंगणात उभं राहून मोबाईलच्या काचेवरचं पाणी शर्टानं पुसत साहेबाला ग्रुपमधून काढत होता.

तिरडी उचलली तेव्हा हलगी वाजली नाही. कोपरा ओलांडल्यावर वाजली.

त्या घरात त्या दिवशी चूल पेटली नाही. शेजारून पिठलं-भाकरी आली, ती कुणी खाल्ली, कुणी नाही. पण एक डबा भरून जिन्याच्या वरच्या पायरीवर वेळेवर गेला. कुणी ठेवला ते मी विचारलं नाही. त्या घरातला डबा जणू आपणहून वर गेला असता.

आम्ही स्मशानातून आलो, दारात हातपाय धुतले, कडुलिंबाचं पान दातांखाली धरलं आणि अंगणात खाली बसलो. दुपार कलली होती. वर दार वाजलं. तो जिन्यावरून उतरत आला. झोप चांगली झाली होती, केस ओले होते, हातात घासलेला डबा होता. डब्यात गोळ्या वाजत होत्या.

"काकू," तो वरूनच म्हणाला, "आजचं पिठलं लई भारी!"

खालच्या दोन पायऱ्यांवर आल्यावर त्यानं अंगण बघितलं. एवढी माणसं जमिनीवर, ओल्या पायांची. आणि मग, देवा, तात्या उठला. भावाला अग्नी देऊन आलेला माणूस उठला, घरात गेला, खुर्ची आणली आणि टॉवेलनं पुसली.

तो पळाला नाही. खुर्चीकडं बघत राहिला. मग त्यानं विचारलं, "अण्णा कुठं हायत?"

तात्या म्हणाला, "बसा साहेब. बसा आदी."

मग मीच सांगितलं. इंग्रजीतून सांगितलं. मराठीत मला जमेना.

"कधी?" त्यानं मराठीतच विचारलं.

"सकाळी."

"मी वर होतो."

"हो."

"मला उठवलं न्हाई कावून?"

हे त्यानं मला विचारलं नव्हतं, सगळ्या अंगणाला विचारलं होतं. घराच्या दारातून काकूंचा आवाज आला. बसलेला, घोगरा. "रातभर जागून आले व्हते तुमी. झोपमोड झाली असती."

तो डबा हातात धरून तसाच उभा राहिला. त्याचा चेहरा लाल झाला नाही. उलट सगळं रक्त उतरल्यासारखा झाला. त्यानं डबा खुर्चीवर ठेवला, वर गेला आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी वर गेलो. तो सामान भरत होता. बीडच्या हॉटेलात जाणार होता, मग कंपनीला सांगून दुसरीकडं.

मी म्हटलं, "काकूंना वाटेल, आमचं काहीतरी चुकलं म्हणून गेला."

"त्यांचं न्हाई चुकलं." तो पलंगावर बसला. मग उशीखालून त्यानं एक वस्तू काढून माझ्यासमोर ठेवली. मशिनजवळ काम करताना कानांवर लावतात तसली जाड, काळी कानझाकणं. "परण्याचं कळलं त्या दिवसापासून हे लावून झोपतो, सर. अण्णांना सांगितलं न्हाई. त्यांना वाईट वाटलं असतं. मला काही ऐकू येत न्हाई. ट्रॅक्टर न्हाई. डीजे न्हाई."

माझ्या ध्यानात यायला वेळ लागला.

"त्या रडल्या असत्या," तो म्हणाला, "कितीबी मोठ्यानं रडल्या असत्या. मला कळलं नसतं."

खाली अंगणात कुणीतरी बादली ठेवली. तीही हळूच ठेवली.

"बाईचा नवरा गेला, आन् तिनं माझ्यासाठी तोंडात पदर घातला. मी आता या जिन्यावरून कसं चढू-उतरू? हे काकूंना सांगू नका, सर. त्यांनी उगाच आवाज दाबला, हे त्यांना कळायला नको."

मी आयुष्यभर पाहुणचाराच्या गोष्टी माइकवरून सांगत आलो. आपल्याकडचा माणूस कसा स्वतः उपाशी राहून पाहुण्याला वाढतो, वगैरे. टाळ्या पडतात. त्या खोलीत बसून मला त्यातली प्रत्येक टाळी ऐकू आली, आणि खाली जाताना काकूंच्या दारासमोरून मी मान खाली घालून गेलो.

काकू अजून मोठ्यानं रडल्या नव्हत्या. बायका एकमेकींत कुजबुजत होत्या, की हे बरं नव्हे, बाई अशी कोंडून राहिली तर तिचं काही खरं नाही. पण घराला हळू बोलायची सवयच लागून गेली होती. तो जागा आहे का झोपलाय हेही कुणी बघत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी कंपनीची गाडी दारात येऊन उभी राहिली. तो बॅग घेऊन जिना उतरायला लागला, आणि त्याच वेळी कोपऱ्यावर जीप थांबली. जीपमधून अण्णांची थोरली बहीण उतरली. आक्का शिरूर कासारच्या. या वयातही घरच्यांबरोबर ऊसतोडीला गेलेल्या, पार कोल्हापूरकडं. निरोप मिळून, मुकादमाची परवानगी मिळून, गाडी मिळून यायला एवढा वेळ लागला होता. सोबत टोळीतली माणसं. आपल्याकडच्या जीपमधून माणसं उतरायला लागली की संपतच नाहीत.

आक्कांचा आवाज उसाच्या फडातला. एका फडातून दुसऱ्या फडात हाक जाणारा. कोपऱ्यावरच त्यांनी सुरुवात केली, "आरं माझ्या वाघा, आरं बहिणीला न सांगता..."

तात्या धावला. "आक्का, हळू! आक्का, पाव्हणे..."

आक्का तशाच थांबल्या, तोंड उघडं, हात हवेत. त्यांना काही कळेना. सगळं अंगण जिन्याकडं बघायला लागलं. मधल्या पायरीवर तो उभा, हातात बॅग.

त्यानं बॅग तिथंच खाली ठेवली. उरलेल्या पायऱ्या उतरला. आधी तात्यासमोर उभा राहिला.

"तात्या, मी जागा हाय."

मग घराच्या दाराशी गेला. काकू उंबऱ्याच्या आत बसलेल्या, पदर तोंडाशी धरलेला. एवढा उंच माणूस, त्यांच्याशी बोलायला जवळजवळ जमिनीपर्यंत वाकला.

"काकू," तो म्हणाला, "मी जागा हाय. बघा. मी जागा हाय."

काकूंनी त्याच्याकडं बघितलं. पदर सोडला. आणि मग जो आवाज निघाला, तो हायवेवरच्या ट्रकांच्या वरून पलीकडं गेला. आक्का दारात कोसळल्या, दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या, सगळ्या बायकांना कंठ फुटला. आम्ही पुरुष जमिनीकडं बघत बसलो. मला खरं सांगायचं तर कान झाकून घ्यावेसे वाटत होते. हे सगळं तिथं अण्णा गेले त्या सकाळी व्हायला हवं होतं, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून ते होऊ दिलं नव्हतं.

कंपनीची गाडी कधी गेली ते कुणी पाहिलं नाही.

बऱ्याच वेळानं रडणं जरा ओसरलं. टोळीतली माणसं रात्रभराच्या प्रवासानं सुकलेली, भिंतीला टेकलेली. तात्या डोळे पुसत उठला, इकडंतिकडं बघितलं, आणि दारापाशी उगाच उभा असलेला एक उंच माणूस त्याला दिसला.

"उभा काय ऱ्हायलास बे?" तात्या खेकसला. "एवढी मानसं आलीत. पाणी आण की!"

म्हणून झालं, आणि तात्याचं तोंड उघडंच राहिलं. आम्ही सगळेच थिजलो. पण ऐकणारा जागेवर नव्हताच. तो आत माठापाशी पोचला होता. एका हातात जग, दुसऱ्या हातात ग्लासांची चवड घेऊन बाहेर आला, आणि दारात चौकटीला कपाळ आपटून घेतलं. पाणी सांडलं. "बघून!" तात्या पुन्हा ओरडला, "आन् आदी म्हाताऱ्या मानसायला दे!" तो एकेकासमोर वाकत पाणी देत गेला. आक्कांनी दोन ग्लास प्यायले, आणि हा कोण एवढा गोरा, असं एकदाही विचारलं नाही.

जग संपत आला होता. मला वाटलं, आपणही काहीतरी करावं. मी उठलो, दुसरा जग भरून आणायला आत निघालो. तो मध्ये आला.

"तुमी बसा, सर," तो म्हणाला. "तुमी पाव्हणे."

त्याच्या आवाजात टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. टोमणा नव्हता. घाई होती, घरात माणसं आलेली असताना घरच्या माणसाला असते तशी.

मी होतो तिथं खाली बसलो. त्यानं माझ्यापुढं ग्लास धरला. मी मान वर न करता तो घेतला आणि पाणी प्यायलो.